चार नंबरच्या बाटल्या

बाटल्यांचा मनोरा मी पाडला, हे आधीच कबूल करतो. म्हणजे पुढचं सांगताना मन मोकळं राहील.

दुकानात शिरल्या शिरल्या माणसाच्या उंचीचा तो मनोरा होता, सगळा बिनदारूच्या बिअरचा. वर पाटी होती, 'कोरडा महिना, आनंदी महिना.' आमच्या घरच्या मंडळींनी त्या महिन्यात मला कोरडं ठेवायचं ठरवलं होतं. शिवाय मी ते स्वखुशीनं करतोय असं मी सगळीकडे सांगायचं, हेही त्यांनीच ठरवलं होतं. मनोऱ्यातल्या सगळ्या बाटल्या पुऱ्या किमतीच्या. फक्त खालून दुसऱ्या ओळीत एका बाटलीच्या गळ्याला पिवळं स्टिकर. तिसरा हिस्सा सूट. शहाण्या माणसानं अशा वेळी कुणाला तरी हाक मारावी. मी वाकलो आणि ती ओढली.

पुढचं मी बघितलं नाही, नुसतं ऐकलं, कारण डोळे गच्च मिटले होते. ते बराच वेळ चाललं. संपलंसं वाटून डोळे उघडावे तर लांब कुठेतरी अजून एक घरंगळत होती. बुटात फेस शिरला होता. शेजारी पन्नाशी ओलांडलेला एक किडकिडीत माणूस उभा होता आणि त्याच्या हातात एक अख्खी बाटली होती. पडता पडता झेललेली. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्यानं ती बाटली छतावरच्या ट्यूबलाइटसमोर धरली, एक डोळा बारीक केला, मग गळ्यावरचे बारीक आकडे वाचले आणि निजलेलं मूल ठेवावं तशी ती फळीवर ठेवली.

"ही तुम्ही घेणार आहात?" त्यानं विचारलं.

"छे छे."

"बरं झालं. ती माझ्यासाठीच आहे."

एवढ्यात झाडू घेऊन दुकानातल्या स्टिकरवाल्या बाई आल्या. "तारीखवाले, तुम्ही पाडलंत?"

"नाही. यांनी," असं म्हणून त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. मैत्रीची सुरुवात म्हणून हे काही फार उत्साहाचं नव्हतं, पण झाली. महिन्याचा तो नववा दिवस. त्यापुढे आम्ही दोघं दुकानांतून सूट हुडकत हिंडलो आणि बाहेरच्या बाकांवर बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांच्याच क्रमानं सांगतो.

तारीखवाल्यांचं काम ऐकायला अगदी सोपं. कारखान्यात बिअर भरली की बाटल्या पट्ट्यावरून एकामागून एक सरकत येतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका काचेसमोरून जातात. त्या काचेला कारखान्यात 'दिवा' म्हणतात. दिव्यासमोर स्टुलावर माणूस असतो. तो बघतो. बाटलीत कचरा आहे का, काचेला तडा आहे का, बिअर गळ्यावरच्या रेघेपर्यंतच आहे का. खोट दिसली तर उचलून बाजूला; नाही तर जाऊ द्यायची. जाताना बाटलीच्या गळ्यावर तारीख छापली जाते आणि तिच्यापुढे पास करणाऱ्याचा नंबर. तारीखवाल्यांचा नंबर सात. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना जगातली कुठलीच वस्तू सरळ बघता येत नसे. कुणाच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला तरी आधी तो खिडकीकडे धरायचे. बऱ्याच घरांतून त्यांना दुसऱ्यांदा बोलावणं आलं नाही.

दिव्यावर डोळा वीस मिनिटांच्या वर टिकत नाही. एकविसाव्या मिनिटाला बाटल्या दिसतात, पण बघितल्या जात नाहीत. म्हणून तिथे जोडी असते. एकानं बघायचं, दुसऱ्यानं शेजारच्या स्टुलावर डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसायचं. पट्ट्याच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे पाळी बदलायची खूण ठरलेली. मिटलेल्या डोळ्यांचा माणूस वेळ झाली की काचेवर दोनदा वाजवतो. टक्‌टक्. म्हणजे, 'तू मीट, आता मी बघतो.' वाजलं की बघणाऱ्यानं हातातलं ठेवून द्यायचं. 'ही एवढी एक' असं तिथे चालत नाही. दोघं बघायला लागले की कुणीच बघत नाही, असा त्या धंद्याचा अनुभव.

तारीखवाल्यांची जोडी अकरा वर्षं चार नंबरशी. चार नंबर म्हणजे पोटानं सुटलेला, श्वासाला घरघर असलेला, बोटात अंगठी रुतलेली. त्या अंगठीनंच तो काच वाजवायचा. "संसार आणि अंगठी, दोन्हीतून सुटायला साबण लागतो," असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. त्याची एकच खोड होती. रेघेच्या बोटभर वर भरलेली बाटली आली की सात नंबर ती बाजूला काढत. चार नंबर जाऊ द्यायचा. "अरे, असेल कुणाच्या तरी नशिबात घोटभर जास्त. आपण कोण अडवणारे?" त्यापायी दोनदा पगार कापला गेला. तिसऱ्यांदा साहेबांनी बोलावून विचारलं, "तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं साहेब," चार नंबर म्हणाला, "म्हणून तर सोडतो."

गेल्या वर्षी याच महिन्यात चार नंबरनं कोरडं राहायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी दम भरला होता म्हणून. बावीस दिवस त्यानं काढले. तेविसाव्या दिवशी संध्याकाळी सात नंबर त्याच्या घरी गेले. एकट्यानं पिऊन कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. पिशवीत दोन बाटल्या होत्या. "एकानं काय होतंय?" असं ते म्हणाले. चार नंबरनं बाटलीकडे बघितलं, मग यांच्याकडे.

"तू आणलीस म्हणजे नीट बघूनच आणली असशील," तो म्हणाला आणि त्यानं ती उघडली.

त्यानंतर चार महिन्यांत तो गेला. त्याच्या जागी कुणाला बसवलं नाही. वीस मिनिटं झाली की आता भिंतीवरची घंटा वाजते आणि पट्टाच थांबतो. सात नंबर शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे पाठ करून बसतात.

यंदा पाळी यांच्यावर आली. हात थरथरायला लागला होता, आणि एकदा आत खिळा असलेली बाटली त्यांनी पास केली. कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, "महिनाभर थेंब नाही. एक तारखेला रक्त तपासते. निघालं तर दिव्यावरून खाली, गोदामात." गोदामात दिवसभर खोकी उचलायची. दिव्यावरून उतरवलेला माणूस तिथे वर्षभरसुद्धा टिकत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. चौपन्नाव्या वर्षी, त्या पाठीनं, सात नंबर किती टिकले असते याचा हिशेब करायला डॉक्टरीणबाईंची गरज नव्हती.

घरी ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. ताई घरीच शिवणकाम करते. कंपनी दर महिन्याला प्रत्येक कामगाराला खऱ्या बिअरचा एक खोका फुकट देते. बिनदारूची हवी असेल तर मात्र विकत घ्या. ताईनं पहिल्याच दिवशी तो खोका जमिनीवर ठेवला, त्याच्यावर लाकडी फळी आणि फळीवर आपलं जुनं लोखंडी शिवणयंत्र.

"आता ती पाहिजे तर आधी माझा धंदा उचल," ती म्हणाली.

रात्री माणूस नुसता बसला की हात रिकामा राहतो आणि रिकामा हात वाट फुटेल तिकडे जातो. म्हणून रोज संध्याकाळी हातात धरायला काहीतरी हवं. बिनदारूची बिअर तेवढ्यासाठी. पण ती खरीपेक्षा महाग. ताईला हे पटेना. "दुधातून साय काढली तर दूध स्वस्त होतं. तुमच्यात काढून घेतल्यावर भाव चढतो होय?" तेव्हा सूट शोधणं आलं. आणि त्यात तारीखवाल्यांचा हात कोण धरणार? मुदत संपायला दीड महिना राहिला की पिवळं स्टिकर, वीस दिवस राहिले की लाल, हे ते गळ्यावरच्या आकड्यांवरून आदल्या दिवशीच सांगत. स्टिकरवाल्या बाई पुष्कळदा त्यांनाच विचारत, "आज काय काय लावू हो?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिली पिवळ्या स्टिकरची बाटली घरी आणली. सवयीनं खिडकीसमोर धरली. भर दुपारची वेळ, ऊन स्वच्छ. बिअर रेघेच्या बोटभर वर होती. गळ्यावर तारीख अडीच महिन्यांपूर्वीची आणि तिच्यापुढे आकडा, चार.

चार नंबरला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

"छपाई चुकली असेल," ते ताईला म्हणाले.

पाचव्या दिवशी पुलापलीकडच्या दुकानात गेले. फळीवर तीस बाटल्या होत्या, सूट एकीवरच. डोळ्यांच्या बरोबर उंचीला, गळा पुढे वळवून ठेवलेली. चार नंबर. बोटभर वर. सातव्या दिवशी स्टेशनाजवळच्या दुकानात तेच. पुऱ्या किमतीच्या बाटल्यांवर दोन, नऊ, अकरा असे नंबर आणि बिअर रेघेला चिकटून. स्वस्त तेवढी चारची, आणि तीही बोटभर वर. नवव्या दिवशी मी मनोरा पाडला, तेव्हा त्यांनी झेलली तीही तसलीच, चारची.

ताईला त्यांनी शेवटी सांगून टाकलं. तिनं दोरा दातानं तोडला. "मेलेली माणसं बाटल्या पास करत नसतात. आणि करत असती तर सूट कशाला देतील?"

मीही पहिल्यांदा थट्टाच केली. म्हटलं, तिकडे गेल्यावर तुमच्या मित्राला घाऊक भावात मिळत असेल. सोळाव्या दिवशी एका दुकानात ते बाहेर थांबले आणि मी एकटा आत गेलो. फळीवर सूट असलेली बाटली एकही नव्हती. जरा बरं वाटलं. उगीच म्हणून फळीच्या मागच्या अंधारात कोपरापर्यंत हात घातला. बोटांना एक गळा लागला. खरं सांगतो, तो माझ्या हातात आला असं मला वाटलं. मी धरला असं नाही. बाहेर काढली. पिवळं स्टिकर. चार. त्यानंतर मी थट्टा केली नाही.

एकोणिसाव्या दिवशी तारीखवाल्यांनी धीर करून सुपरवायझरला विचारलं. सुपरवायझर हसायलाच लागला. "अहो, मागच्या शेडमध्ये नवीन कॅमेऱ्याचं मशीन बसवलंय ना, बिनदारूच्या लाइनवर. त्याला रिकामा नंबर दिला. चार. आणि चाचणीचा माल महिना-दीड महिना गोदामात अडकला, तो आता बाजारात गेलाय. मुदत कमी उरली, म्हणून दुकानदार स्वस्तात काढतायत."

झालं. भुताला मशीन निघालं, सूटही कळली. त्या संध्याकाळी बाकावर तारीखवाले पहिल्यांदा मोठ्यानं हसले, आणि मी त्यांच्याहून मोठ्यानं.

पण बघायची खोड माणसाला स्वस्थ बसू देत नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते मागच्या शेडमध्ये गेले. प्लॅस्टिकच्या पडद्याआड मशीन चालू होतं. बाटल्या सरकत होत्या, कॅमेऱ्याचा लाल ठिपका प्रत्येकीच्या गळ्यावर क्षणभर टेकत होता. तिथल्या मेकॅनिकला त्यांनी विचारलं, "रेघेच्या वर भरलेली आली तर?"

"केसभर वर असली तरी हा दांडा उडवून लावतो. बघा." मेकॅनिकनं एक बाटली जास्त भरून पट्ट्यावर ठेवली. दांडा फटकन आला आणि ती खाली टोपलीत गेली.

"एखादी सुटतही असेल."

"एकसुद्धा नाही. याला दयामाया नाही, त्याचेच तर पैसे मोजलेत."

तारीखवाले तिथल्या पायरीवर बसले. घरी खिडकीत त्या वेळी न उघडता ठेवलेल्या तीन बाटल्या होत्या. तिन्ही बोटभर वर.

तेविसावा दिवस उजाडला. भाचीला मुलगी झाली म्हणून ताई सकाळीच तिच्याकडे गेली होती. "यंत्राला हात लावू नकोस," एवढं जाताना म्हणाली. संध्याकाळी सूर्य खिडकीत उतरला तेव्हा तारीखवाले खोलीत एकटे होते. साठवलेल्या बाटल्या आता सहा झाल्या होत्या, सहाही चारच्या. खिडकीच्या कठड्यावर ओळीनं मांडलेल्या. ऊन त्यांच्यातून आरपार येत होतं आणि जमिनीवर सहा पिवळे डाग पडले होते.

ते डागांकडे बघत बसले. सूर्य उतरेल तसे डाग सरकायला लागले. एकामागून एक, सारख्या अंतरानं, सारख्या वेगानं, भिंतीपाशी ठेवलेल्या शिवणयंत्राच्या दिशेनं. सव्वीस वर्षं जे समोरून सरकताना बघितलं तेच. त्यांना नजर काढता येईना. वीस मिनिटं होऊन गेली असावीत. घंटा वाजणार नव्हती, कारण घंटा कारखान्यात होती. एकविसाव्या मिनिटानंतर दिसतं, पण बघितलं जात नाही. पहिला डाग यंत्राच्या पायाला लागला, आणि आपण उठून उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

ते यंत्र उचलायला एरवी दोन माणसं लागतात. त्यांनी एकट्यानं उचलून बाजूला ठेवलं. फळी काढली. खोक्यातून खरी बाटली घेतली. ओपनर त्यांच्या खिशात होता. तो कधी घेतला हे त्यांना आजही आठवत नाही.

"एकानं काय होतंय?" कुणीतरी म्हणालं. आवाज त्यांचाच होता.

ओपनर झाकणाला लागला आणि खिडकीत काच वाजली.

टक्‌टक्.

विचार करायला वेळच नव्हता, ते हातांनीच केलं. हातांना अकरा वर्षांची सवय. बाटली खाली ठेवली, ओपनर तिच्या शेजारी ठेवला, मागे सरकून स्टुलावर बसले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

खोलीत दुसरं स्टूल नव्हतं. तरी डावीकडे स्टूल करकरलं. जड माणूस टेकल्यावर करकरतं तसं. मग श्वास ऐकू आला, घरघर असलेला, संथ. काहीतरी सरकत असल्याचा बारीक आवाज मधून मधून येत होता. तारीखवाल्यांनी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्याची पाळी चालू असताना उघडायचे नसतात. वीस मिनिटं झाली की आपण वाजवायचं, हे त्यांना माहीत होतं. वीस झाली. चाळीस झाली असतील. त्यांनी हात मांडीवरून हलवला नाही.

पापण्यांवरचा उजेड गेला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. खरी बाटली जिथं ठेवली तिथंच होती, झाकण शाबूत. त्यांनी ती खोक्यात घातली, फळी ठेवली. यंत्र मात्र आता जागचं हलेना. ते दुसऱ्या दिवशी ताईनं आणि शेजाऱ्यांनी मिळून उचललं. मग दिवा लावून ते खिडकीपाशी गेले. सहा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, सहांची झाकणं बंद. एकेक उजेडासमोर धरली. सगळ्यांमधली बिअर बरोबर रेघेवर होती. प्रत्येकीतला जास्तीचा घोट तेवढा गेला होता.

चोविसाव्या दिवसापासून आम्हाला एकाही दुकानात पिवळं स्टिकर दिसलं नाही. स्टिकरवाल्या बाई म्हणाल्या, तो लॉट संपला. उरलेला आठवडा आम्ही दोघांनी पुऱ्या किमतीच्या घेतल्या आणि तोंडं वाकडी करून प्यालो.

एक तारखेला डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. तीन तारखेला कागद आला. स्वच्छ. तारीखवाल्यांनी तोही आधी खिडकीकडे धरला म्हणे, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, त्यात काही तरंगत नसतं." दिव्यावरची जागा राहिली.

हे सगळं त्यांनी मला दुकानाबाहेरच्या बाकावर सांगितलं, भर सकाळी, येणारी-जाणारी माणसं बघत. दुसऱ्या दिवशी मी घरून बरेच खुलासे घेऊन आलो. थंड होताना काच वाजते, उन्हानं बिअर फुगते, आणि दमलेल्या माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी माझ्याकडे एकच प्रश्न उरला.

"बरं, तो होता असं धरू," मी म्हटलं. "पण मग पाळी परत घेण्यासाठी तुम्ही कधी वाजवलंत?"

"अजून वाजवलेलं नाही."